वंशावळीचा फ्लेक्स छापायच्या आधी (भावंडांचं संमेलन, जुने कागद, मदत हवी)

मधलीताई

नमस्कार मंडळी. आम्ही सहा भावंडं, दोन भाऊ चार बहिणी. येत्या मे महिन्यात सगळ्यांनी चार दिवस गावच्या घरी राहायचं ठरलंय, सातारा जिल्ह्यात, गावाचं नाव लिहीत नाही कारण भावकी इथंही वाचत असणार. लग्नाकार्यात भेटतो आम्ही पण तिथं आहेर, मानपान आणि पंगती यातच दिवस जातो, निवांत कोण बोलतंय. म्हणून दादा म्हणाला की यावेळी नुसतं जमायचं नाही, घराण्याचा इतिहास काढायचा, पोराबाळांना कळू दे आपण कोण, कुठले.

दादाने उत्साहात वंशावळ तयार केली. सात पिढ्या. पीडीएफ ग्रुपवर टाकला आणि सांगितलं आठ बाय पाचचा फ्लेक्स करायला देतोय, ओसरीत लावू. छान झाड काढलंय, मुळाशी मूळपुरुष, फांद्या, पानं. पण सगळ्या पानांवर फक्त पुरुष. आम्ही चौघी बहिणी त्यात नाही, आत्या नाहीत, आई नाही, कुठलीच आई नाही. वाचताना असं वाटतं की आमच्या घराण्यात सात पिढ्या बापाला थेट पोरगा होत आलाय.

मी ग्रुपवर लिहिलं तर दादा म्हणतो अगं वंशावळ अशीच असते, मुलींची नावं दुसऱ्या घरच्या वंशावळीत जातात. तिकडे पण नाहीयेत, माझ्या सासरच्या वंशावळीत सासूबाईंचंही नाव नाही. धाकटा म्हणाला नावं कुठून आणणार, आईच्या आधीच्या बायकांची नावं माहितीयेत का कुणाला? आता हा प्रश्न मात्र खरा आहे.

तर मदत हवी आहे. जुन्या बायकांची नावं कुठल्या कागदात सापडतात? घरात एक पत्र्याची ट्रंक आहे, त्यात मोडीतले कागद आहेत, कुणालाच वाचता येत नाहीत. दादाचं म्हणणं त्यात पेशव्यांनी दिलेलं इनामपत्र आहे, लहानपणापासून हेच ऐकतोय. आणि आत्या आहे, नव्वदी पार, कान कमी झालेत पण डोकं तल्लख. तिच्याकडून काय आणि कसं काढून घ्यावं?

खिडकीतली मांजर

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही सेम फ्लेक्स आहे ताई, फक्त त्यावर कडेला तलवारी पण आहेत. घराण्यात तलवार बघितलेला माणूस नाही, सगळे मास्तर.

दफ्तरदार

ताई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक इनामाची दंतकथा, दुसरी नावं.

इनामाचं आधी सांगतो कारण प्रत्येक घरात हे असतं आणि तपासायला तुलनेने सोपं असतं. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमलं, १८५२ चा अकरावा कायदा. ज्याच्याकडे इनाम जमीन किंवा गाव आहे त्याने सिद्ध करायचं की कुणी दिलं, कधी दिलं आणि मूळ इनामदारापासून आपण कसे वारस. त्यासाठी लोकांनी कैफियती लिहून दिल्या, जोडीला वंशावळी दिल्या. म्हणजे तुमच्याकडे खरोखर इनाम असतं तर त्याचा माग सरकारी दफ्तरात बहुतेक सापडतो. पुण्याचं पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, तिथं कोट्यवधी कागद आहेत, कापडी रुमालात बांधलेले. अर्ज करून बघता येतं. पण सरळ तिथं जाऊन "आमच्या घराण्याचं काय आहे ते काढा" म्हटलं तर कुणी काही काढू शकत नाही, गाव, परगणा, साधारण काळ आणि कशाबद्दलचा कागद हे आपल्याला माहीत पाहिजे. म्हणून आधी घरची ट्रंक, मग तालुका, मग पुणे. लोक उलटं करतात आणि दुपारपर्यंत कंटाळून चहाला जातात.

ट्रंकेतल्या कागदांचे फोटो टाका इथं. फ्लॅश नको, खिडकीजवळ कागद सपाट ठेवून वरून सरळ घ्या. घड्या जोर लावून उलगडू नका, चिकटपट्टी अजिबात लावू नका आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. लॅमिनेट केलेला कागद परत सोडवता येत नाही, वाचवायला म्हणून केलेलं असतं आणि कायमचा जातो.

कृष्णाकाठ

सातारा जिल्हा म्हणताय तर हेळवी येतो का तुमच्याकडे ते विचारा आत्यांना. आमच्याकडे कोल्हापूर सांगली भागात अजून येतात, पूर्वी बैलावर बसून यायचे, आता गाडीवर. दारात उभं राहून आपल्या पूर्वजांची नावं घेतात, मूळ गाव कुठलं, कुठून उठून कुठं आलात, कुणाला किती पोरं झाली, निर्वंश कोण झाला. चोपड्या असतात त्यांच्याकडे, पिढ्यानपिढ्या लिहिलेल्या, नवीन पोर झालं की ते लिहून घेतात. त्या बदल्यात धान्य, कापड, पैसे, ऐपतीप्रमाणे. आमच्या आजोबांना त्यांचे खापरपणजोबा कोण हे हेळव्यामुळेच माहिती होतं, घरात एक कागद नव्हता.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंही निम्मंच मिळेल. मागच्या खेपेला माझ्या बायकोने विचारलं आमच्या दोन मुलींची नावं लिहिली का तर तो हसला. बायकोने मापटं हातातच धरून ठेवलं, म्हणाली आधी लिही. लिहिली त्याने.

मधलीताई

@कृष्णाकाठ वहिनींना माझा नमस्कार सांगा __/\__

ॲडव्होकेट काका

जरा कायद्याचं बोलतो कारण हा विषय कुठंतरी तिकडे वळतोच.

मुलींची नावं हवीत ना, मग सगळ्यात कोरड्या जागी बघा, महसुली कागदात. खातेदार वारला की वारस नोंद होते, ती गाव नमुना ६-क. त्यावरून फेरफार, म्हणजे जमिनीचे हक्क बदलल्याची नोंद, गाव नमुना ६. जुन्या फेरफारात मयताचं नाव, तारीख आणि खाली वारसांची यादी असते, बायको, मुलगे, मुली. आपल्याकडची पद्धत अशी होती की मुलग्यांची नावं कब्जेदार म्हणून आणि मुलींची "इतर हक्क" रकान्यात. पटत नसलं तरी संशोधनाला ते बरं पडतं, कारण नाव तरी लिहिलेलं असतं, कधी कधी लग्नानंतरचं नाव आणि सासरचं गाव सुद्धा. जे घरच्या झाडात नाही ते तलाठ्याच्या वहीत असतं. बरेच जुने सातबारे आणि फेरफार आता स्कॅन झालेत, महाभूमीच्या "आपले अभिलेख" वर थोडी फी भरून मिळतात, तिथं नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल घ्यायची.

आता दुसरा मुद्दा. हा पीडीएफ ओसरीतल्या फ्लेक्सपुरताच आहे ना? कुठंही वारस नोंदीसाठी प्रतिज्ञापत्राला जोडणार नसाल तर ठीक. कारण वारसांच्या वंशावळीत मुली वगळणं म्हणजे खोटी माहिती देणं, त्यात परंपरा वगैरे चालत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती आपल्याकडे १९९४ सालीच राज्याने केली होती, २२ जूनपासून, पण ती तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरती. मग केंद्राची दुरुस्ती, ९ सप्टेंबर २००५. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मानेच आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही.

मधलीताई

नाही नाही काका, बाबा गेले तेव्हा सगळ्यांची नावं लागली आहेत, त्यात काही वाद नाही. उलट यावेळी अक्काने आधीच नियम घातलाय की चार दिवसात सातबारा हा शब्द काढायचा नाही, जो काढेल तो सगळ्यांची भांडी घासेल. पण आजोबा वारले तेव्हाचा फेरफार काढायचं डोक्यातच आलं नव्हतं, आत्यांची नावं तिथं असणार. धन्यवाद.

उंटावरचा शहाणा

थोडं वेगळं मत. वंशावळ ही मुळात हक्काची यादी होती, कुटुंबाची यादी नव्हती. वतन कुणाकडे जाणार, पाटीलकी कुलकर्णीपण कुणाच्या वाट्याला, देवाचा मान कुणाचा, यासाठी ते झाड. मुलीकडे वतन जात नव्हतं म्हणून मुलगी झाडात नव्हती. आता परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, पाटीलकीची १९६२ च्या कायद्याने गेली. ज्या कामासाठी ते झाड होतं ते कामच उरलं नाही तरी आपण तेच झाड रंगीत छापतोय. दादांना हे सांगून बघा, भावनिक बोलण्यापेक्षा हे पटेल. पुरुषांना प्रशासकीय कारण दिलं की लगेच पटतं, स्वानुभव.

खिडकीतली मांजर

@उंटावरचा शहाणा शेवटच्या वाक्याला +१००

मराठवाडी

आमच्याकडे अजून वेगळी मजा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य त्यामुळे जुने कागद उर्दूत आणि मोडीत, साल फसली, म्हणजे महसुली सन. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली आणि एकदम सगळ्या गावाला खापरपणजोबा आठवले. ज्यांनी कधी आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं नसतं ते तहसीलच्या दारात वंशावळ घेऊन उभे. मोडी वाचणाऱ्याला तेव्हा जावयासारखा मान होता.

त्यात एक कळलं ते सांगतो. गाव नमुना १४, म्हणजे जन्म मृत्यूची वही, लोक कोतवाल बुक म्हणतात. अमक्या तारखेला अमक्याला मुलगा झाला, तमक्याला मुलगी झाली, असं. बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं कारण बारशाच्या आधीच नोंद व्हायची, पण मुलगी झाली हे तरी कळतं, म्हणजे किती बहिणी होत्या आणि त्यातल्या किती लहानपणीच गेल्या हे पानं उलटताना दिसतं. आमच्या पणजोबांना आम्ही एकुलते समजत होतो, चार बहिणी निघाल्या, त्यातल्या तिघी पाच वर्षांच्या आत गेलेल्या. घरात त्यांचा उल्लेख कधी ऐकला नव्हता.

आणि शाळेचं जनरल रजिस्टर! गावची जिल्हा परिषद शाळा जुनी असेल तर दाखल खारिजची वही जरूर बघा. आत्या शाळेत गेल्या असतील, दुसरीपर्यंत का होईना, तर नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण, सगळं असतं. आमच्या आत्याच्या पुढे कारण लिहिलंय "लग्न". वय अकरा.

सुनबाई ठाण्याच्या

मी नाशिकच्या उपाध्यायांबद्दल लिहायला आले. सासऱ्यांचं कार्य करायला गेलो होतो, गुरुजींनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं आणि लांबच लांब वही काढली. त्यात चुलत आजेसासऱ्यांच्या हातची नोंद, सहीसकट. जो जातो तो आपल्या हाताने घरातली नावं लिहितो अशी पद्धत. त्र्यंबकेश्वर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार सगळीकडे अशा वह्या. हरिद्वारच्या बऱ्याच वह्यांचे फोटो फॅमिलीसर्च या साइटवर आहेत, खातं फुकट उघडता येतं, पण पानं पानं उलटत बसायची तयारी ठेवा.

इथं बायकांची नावं थोडी जास्त सापडतात असा माझा अनुभव, कारण कुणाचं तरी पिंडदान म्हणजे आई, आजी, पणजी अशी नावं घ्यावीच लागतात. श्राद्धाला मातृत्रयी लागते ना. तेव्हा तुमच्या घरात श्राद्ध सांगणारे गुरुजी पिढीजात एकच असतील तर त्यांच्याकडे टिपण असेल. दादांनी स्वतःच दर वर्षी संकल्पात आईचं, आजीचं, पणजीचं नाव घेतलं असेल आणि फ्लेक्सवर टाकताना विसरले असतील, बघा विचारून.

मधलीताई

@सुनबाई अगं काय सांगू, विचारलं. दादाने तीनही नावं घडाघडा म्हणून दाखवली! म्हणाला अरे हो की. दर वर्षी म्हणतोय तो. तीन बायका एका फोनमध्ये झाडात आल्या.

कृष्णाकाठ

हाहाहा. दादांना माफ करा, माणूस भला दिसतोय.

रेकॉर्डिंगवाला

आत्यांबद्दल कुणी लिहिलंच नाही, खरं म्हणजे तेच सगळ्यात तातडीचं, कागद पुढच्या वर्षी पण असतील.

मी आमच्या आजीचं केलं होतं. समोर बसून "तुझं बालपण सांग" म्हटलं की म्हातारी माणसं म्हणतात काय सांगायचं, सगळ्यांसारखंच. त्यापेक्षा वस्तू किंवा फोटो हातात द्या. जुना पितळेचा डबा दिला तर हा कुणाच्या माहेरून आला इथपासून सुरू होतं. फोन मांडीवर ठेवा, टीव्ही आणि पंखा बंद, एका वेळी अर्धा पाऊण तास बास. कान कमी असतील तर एकानेच प्रश्न विचारा, सहा भावंडं एकदम बोलायला लागलात तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त "नाही गं तसं नव्हतं" ऐकू येतं.

साल विचारू नका. साल कुणाला आठवत नाही, घटना आठवतात. सातारा भागात तर खूण चांगली आहे, पत्री सरकारच्या वेळी कोण केवढं होतं? म्हणजे १९४३ ते ४६. गांधीवधानंतरची जाळपोळ, १९४८. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, त्या रात्री घरात कोण कोण झोपलं होतं असं विचारा, अख्ख्या घराची यादी मिळते, पाहुण्यासकट. बहात्तरचा दुष्काळ, सुकडी खाल्ली का, खडी फोडायला कोण गेलं. पुण्यात कुणी असेल तर पानशेत, १२ जुलै १९६१. आणि त्यांनी आपल्या आईकडून ऐकलेलं असेल तर १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, त्याआधीचा प्लेग. "प्लेगात गेली" एवढं जरी कळलं तरी १८९६ नंतरची काही वर्षं हे पक्कं होतं.

नाम्या पुणेकर

रेकॉर्डिंगवाले यांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा. भर घालतो: फोटोच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, कडेला, बॉलपेन पुढे उमटतं. स्कॅन करायचे तर फोटो ६०० डीपीआय, कागद ३०० चालतो. आणि जमलेल्या सगळ्यांसमोर एकदाच बसून नावं लिहून घ्या कारण प्रत्येकाला वेगळा माणूस दिसतो. आमच्याकडे एका फोटोतल्या फेटेवाल्यावर दोन मावश्या वर्षभर बोलत नव्हत्या. एक म्हणते आपले आजोबा, दुसरी म्हणते फोटोग्राफरचा मदतनीस.

मधलीताई

कालच्या रविवारी धाकटा गावी जाऊन ट्रंक उघडून आला. एकूण दोन बोचकी, त्यातलं एकच सोडलंय, वरच्या कागदांना कसर लागलेली, आतले बरे आहेत. बरेचसे शेतसाऱ्याच्या पावत्या वाटतात. एक कागद मोठा आहे, वर शिक्का छापलेला, दादाच्या मते हेच ते इनामपत्र. फोटो खाली टाकलाय. दफ्तरदार, बघता का?

दफ्तरदार

बघितला. ताई, दादांना बसून घ्यायला सांगा.

वरचा शिक्का पेशव्यांचा नाही, इंग्रजी स्टँपाचा आहे. अक्षर उत्तरकालीन मोडी, बोरूचं नाही, टाकाचं असावं, फराटे कमी, त्यामुळे वाचायला बरंच सोपं. आधी लांब रेघ ओढून तिला अक्षरं टांगलीयेत, शब्द तोडलेले नाहीत, त्यामुळे एकदोन जागी माझा अंदाज आहे.

शके १७९९, ईश्वरनाम संवत्सर, मार्गशीर्ष. म्हणजे साधारण १८७७ चा डिसेंबर. कर्जरोखा आहे, इनामपत्र नाही. रुपये १२५ घेतले, व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये, तारण म्हणून मौजे तुमचं गाव येथील जमीन, खाली चतुःसीमा दिलेल्या, पूर्वेस ओढा वगैरे. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आठवा, दख्खनमध्ये त्याने हाहाकार केला. त्या सालचे असे रोखे ढिगाने सापडतात. दोनच वर्षं आधी, १८७५ मध्ये, पुणे नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले होते, आणि १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांसाठी कायदा केला तो पुणे, नगर, सोलापूर आणि तुमच्या सातारा जिल्ह्याला लावला. तुमचा कागद बरोब्बर या दोन्हीच्या मधला.

आता खरी गोष्ट. कर्ज घेणारा पुरुष नाही. "कोम" अशी नोंद आहे, म्हणजे अमक्याची बायको, आणि नवऱ्याच्या नावाआधी मयत लिहिलंय. नवऱ्याचं नाव तुमच्या झाडात खालून दुसऱ्या ओळीत आहे तेच. म्हणजे नवरा मेलेला, दुष्काळ, आणि बाईने स्वतःच्या नावावर कर्ज काढलंय. खाली सहीच्या जागी बघा, झूम करा, साक्षीदारांच्या नावापुढे नांगर काढलेत, ती कुणब्याची निशाणी. आणि त्यांच्या वर डावीकडे एक गोल आहे ना, तो डाग नाही. बांगडी आहे. बाईची निशाणी.

तिचं स्वतःचं नाव नेमकं घडीवर आलंय आणि तिथं कागद तुटलाय. पहिलं अक्षर "स" दिसतं, पुढे "बाई" दिसतं, मधलं गेलं.

खिडकीतली मांजर

अंगावर काटा आला.

उंटावरचा शहाणा

जमीन अजून तुमच्याकडे आहे का ताई? ओढ्याकडची?

मधलीताई

आहे. ओढ्याकडची पट्टी आहे, तिथंच विहीर आहे. म्हणजे फेडलं तिने, किंवा तिच्या पोराने.

काल रात्री ग्रुप कॉल लावला, दादा बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला "पेशव्यांपेक्षा हे बरंय, उगाच कुणी दिलेलं नाही." दोन मिनिटांनी लगेच म्हणाला पण दुसरं बोचकं पण बघू, इनामपत्र त्यात असेल. अक्का मात्र फोनवर रडली, तिला तिच्या वाईट दिवसात माहेरून काही घ्यायला लाज वाटली होती ते सगळं निघालं, ते इथं लिहीत नाही.

आत्याला विचारलं. नाव तिला माहीत नाही. पण ती म्हणाली की तिची आजी ओढ्याकडच्या विहिरीला "म्हातारीची विहीर" म्हणायची आणि आम्ही समजायचो कुणी भुताची म्हातारी आहे म्हणून तिकडे संध्याकाळी जायचो नाही.

मराठवाडी

आमच्याकडे पण "बाईचं शेत" आहे. कुठली बाई हे आजवर कुणी विचारलं नाही. उद्या विचारतो.

ॲडव्होकेट काका

नाव अजून सापडू शकतं. जमीन तारण आहे आणि रक्कम शंभराच्या वर, तेव्हा हा साधा रोखा नसून गहाणखत असेल तर त्या काळीही नोंदणी सक्तीची होती. कागदाच्या मागच्या बाजूला नोंदणीचा क्रमांक आणि शेरा असतो, पाठीमागचा फोटो टाका. क्रमांक मिळाला तर तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे विचारा, जुनी पुस्तकं तिथं नसतील तर जिल्ह्याला पाठवलेली असतात. पुस्तकात दस्ताची पूर्ण नक्कल असते, त्यात तुटलेली घडी नसणार. अर्ज देताना "घराण्याचा इतिहास" असं लिहू नका, दस्ताची नक्कल हवी एवढंच लिहा, नाहीतर समोरचा चष्म्यावरून बघत बसतो.

मधलीताई

मागे आहे! वर आडवं इंग्रजीत काहीतरी आणि नंबर. टाकते फोटो.

फ्लेक्सचं विचारणाऱ्यांसाठी: फ्लेक्स थांबवलाय. धाकट्याच्या मुलीने जाड कागदाचा रोल आणलाय, तो ओसरीच्या भिंतीवर लावून सगळ्यांनी पेन्सिलने भरायचा, लेकी, सुना, लहानपणी गेलेली पोरं, सगळे. जिथं नाव नाही तिथं जागा मोकळी सोडायची, कुणीही "पत्नी" लिहून उरकायचं नाही हे मी बजावलंय. दादाची एकच अट आहे की मूळपुरुष मधोमध राहू दे, राहू दे म्हटलं, कुठं जातोय तो.

सोमवारी धाकटा तालुक्याला जातोय निबंधकाकडे. दादा पण जातो म्हणाला, त्याला वाटतंय तिथं इनामाचं पण काहीतरी निघेल.

दफ्तरदार

जाऊ द्या त्यांना. मागचा शेरा नीट दिसत नाहीये ताई, डावा कोपरा अंधारात आहे, परत काढा.